हृदय 'अपुरे पडणे' : एका जुनाट विकाराची परीक्षा, उपचार आणि मराठी शब्द

मराठी बोलण्यात 'हार्ट फेल' हा शब्दप्रयोग बहुधा मृत मनुष्याविषयीच होतो. 'ते हार्टफेलने गेले' असे म्हटले की कोणाचा तरी अकस्मात मृत्यू झाला, एवढाच बोध ऐकणाराला होतो. वृत्तपत्रीय मराठीत त्याचेच 'हृदयक्रिया बंद पडून' असे भारदस्त रूप रूढ झाले. वैद्यकशास्त्रात मात्र 'हार्ट फेल्युअर' ही संज्ञा जिवंत माणसांच्या एका अवस्थेची आहे. ज्याचे हृदय शरीराच्या गरजेपुरते रक्त पुरवू शकत नाही, किंवा ते पुरविण्यासाठी ज्याच्या हृदयाच्या कप्प्यांत वाजवीपेक्षा अधिक दाब साठतो, अशा माणसाची ही अवस्था होय. तिचा जुनाट प्रकार वर्षानुवर्षे टिकतो, योग्य उपचाराने पुष्कळ सुधारतो आणि उपेक्षेने झपाट्याने बिघडतो. एकच शब्द डॉक्टरच्या मुखी दीर्घ अवस्थेचा आणि रोग्याच्या कानी क्षणिक अंताचा वाचक ठरावा, हा प्रश्न केवळ परिभाषेचा नव्हे. या विकाराची परीक्षा आरंभी रोग्याच्या शब्दांवरच चालते आणि त्याचा उपचार रोग्याने आपल्या घरी आयुष्यभर सांभाळावयाचा असतो. त्यामुळे येथे शब्द चुकला की निदान लांबते आणि औषध सुटते.

'फेल' हा शब्द मराठीत इंग्रजीतून आला खरा, परंतु येताना त्याने मूळ अर्थाचा अर्धा भाग मागे ठेवला. इंग्रजीत हे क्रियापद मावळत्या उजेडाला, मंदावत्या दृष्टीला, खालावत्या प्रकृतीला लागते. क्षीण होत जाणे हा त्याचा एक ठळक अर्थ आहे. मराठीत ते क्रियापद न राहता 'होणे' किंवा 'जाणे' यांच्या आधाराने चालणारे विशेषण बनले. मुलगा परीक्षेत फेल होतो, घाटात ब्रेक फेल होतो, बेत फेल जातो, अशा प्रयोगांत ते स्थिरावले, आणि या सर्व प्रयोगांत क्रिया एका बिंदूवर पुरी होते. याची कसोटी सोपी आहे. 'ब्रेक थोडासा फेल झाला' किंवा 'मुलगा वर्षभर हळूहळू फेल होत होता' ही वाक्ये मराठी कानाला विनोदी वाटतात, कारण कमीअधिकपणा दाखविणारे शब्द 'फेल'ला मानवत नाहीत. 'निकामी होणे' या पर्यायाची स्थिती याहून बरी नाही. निकामी वस्तू टाकून द्यावयाची असते. 'विफलता' हा कोशातला शब्द प्रयत्नाच्या निष्फळतेचा आहे, अवयवाच्या अवस्थेचा नव्हे.

इतर भाषांनी येथे निराळी वाट धरली. फ्रेंच, जर्मन व स्पॅनिश या तिन्ही भाषांत या विकाराचे नाव 'अपुरेपणा' या अर्थाच्या शब्दाने बनले आहे. जपानीतील 'शिन्फुझेन' या शब्दाचा अवयवार्थ 'हृदय पूर्ण नसणे' असा होतो. तरीही तेथील हृदयरोगविषयक दोन संस्थांनी २०१७ साली सामान्य जनांसाठी त्याची वेगळी सोपी व्याख्या प्रसिद्ध केली. हृदय बिघडल्यामुळे दम लागतो व सूज येते, विकार हळूहळू वाढत जातो आणि आयुष्य कमी करतो, असा तिचा आशय आहे. खुद्द इंग्रजीतही या नावाविषयी असमाधान आहे. रोगी आणि डॉक्टर या दोघांचाही गोंधळ करणारे हे नाव बदलावे, असे प्रतिपादन 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २००५ साली करण्यात आले. कॅनडात तर या विकाराच्या कित्येक बाह्यरुग्ण विभागांना 'हार्ट फंक्शन क्लिनिक' असेच नाव आहे.

मराठीला या कामी नवा शब्द घडविण्याची गरज नाही. 'अपुरे पडणे' हा घरगुती प्रयोग तिच्याजवळ तयार आहे. पगार अपुरा पडतो, पाहुणे वाढले की दूध अपुरे पडते. या प्रयोगात वस्तू नष्ट झालेली नसते. तिचे माप आणि गरजेचे माप यांचा मेळ बसत नाही एवढेच सांगितलेले असते. वैद्यकशास्त्राची व्याख्याही नेमकी याच संबंधाची आहे. शिवाय 'अपुरे पडणे' कमीअधिक होऊ शकते, वाढू शकते, थांबू शकते. 'चढण चढताना हृदय अपुरे पडते, सपाटीवर पुरते' हे वाक्य शुद्ध मराठी आहे आणि शुद्ध वैद्यकही आहे. 'हृदयदौर्बल्य' हा शब्द कोणी सुचवील. परंतु या विकाराच्या एका मोठ्या वर्गात हृदयाचा स्नायू दुर्बल नसून ताठर झालेला असतो. तो नीट आकुंचन पावतो, पण सैल पडून पुरेसा भरत नाही. त्याला दुर्बल म्हणणे चूक ठरेल. अपुरा तो असतोच.

परीक्षेकडे वळले असता पहिला शब्द भेटतो तो 'दम'. मूळ फारसीत याचा अर्थ श्वास. मराठीत याभोवती सबंध कुटुंबच वसले आहे : दम लागणे, दम खाणे, दम धरणे, अंगात दम नसणे, शिवाय दमणे आणि दमा. या विकाराची दोन प्रमुख लक्षणे म्हणजे धाप आणि थकवा, आणि मराठीत ही दोन्ही याच कुटुंबात नांदतात. 'दमायला होते' असे रोगी म्हणतो तेव्हा त्याचा श्वास पुरत नाही की हातापायांतले बळ सरते, हे त्या शब्दावरून ठरत नाही. डॉक्टरने दुसरा प्रश्न विचारला नाही तर ते कधीच ठरत नाही. 'दमा' या शब्दाने आणखी एक आडवाट निघते. वय झालेल्या माणसाला रात्री खोकला व धाप सुरू झाली की घरचे लोक 'दमा उपटला' असे निदान करून मोकळे होतात, आणि श्वासनलिकांच्या औषधावर महिने जातात. याबाबत जुने ग्रंथही सावधगिरीने वाचावे लागतात. चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार सांगितले असून, आडवे पडल्याने वाढणारी व बसल्याने कमी होणारी धाप हे त्यांतील तमकश्वासाचे एक लक्षण म्हणून दिले आहे. तमकश्वास म्हणजे दमा असे समीकरण सर्रास मांडले जाते. परंतु हेच लक्षण हृदयाच्या विकाराचीही ठळक खूण आहे. नावावरून रोग ओळखण्याची घाई दोन्हीकडे सारखीच घातक होय.

धाप ही एकच संवेदना नव्हे, हे १९९० च्या सुमारास बोस्टन येथे श्वार्ट्झस्टाईन व त्यांचे सहकारी यांनी केलेल्या अभ्यासातून पुढे आले. निरनिराळ्या विकारांचे रोगी आपल्या धापेचे वर्णन करताना शब्दांचे निरनिराळे गट निवडतात, असे त्यांना आढळले. मराठीत असे शब्द विपुल आहेत. धाप लागणे, श्वास कोंडणे, घुसमटणे, छाती भरून येणे, जीव घाबरा होणे, श्वास वर न जाणे या प्रत्येकाची छटा वेगळी आहे. यांतले कोणते शब्द कोणत्या विकाराचे रोगी वापरतात, हा भाषाविभाग आणि वैद्यकीय महाविद्यालय यांनी मिळून करण्याजोगा अभ्यास आहे. पदव्युत्तर प्रबंधाचे विषय शोधताना वऱ्हाडी क्रियापदांपेक्षा तो कमी फलदायी ठरणार नाही.

धाप किती श्रमाने लागते यावरून रोग्याचे चार वर्ग करण्याची पद्धती न्यूयॉर्क हार्ट असोसिएशनने १९२८ साली घालून दिली आणि ती आजही जगभर चालते. पहिल्या वर्गात नेहमीच्या श्रमाने त्रास होत नाही. दुसऱ्यात तो होतो. तिसऱ्यात नेहमीपेक्षा कमी श्रमानेही होतो. चौथ्यात स्वस्थ बसले असतानाही लक्षणे असतात. ही पद्धती शास्त्रीय दिसते, परंतु तिचा सारा भार 'नेहमीचे श्रम' या दोन शब्दांवर आहे, आणि नेहमीचे म्हणजे कोणाचे, हे ती सांगत नाही. दोन तज्ज्ञ एकाच रोग्याला निरनिराळ्या वर्गांत घालतात याचे कारण हेच. त्याहून सूक्ष्म अडचण अशी की रोगी आपले नेहमीचे आयुष्य नकळत आखूड करीत जातो. जी बाई विहिरीवरून दोन घागरी आणीत असे ती आधी एक आणू लागते, मग सुनेला पाठविते. आता तिला 'नेहमीची कामे करताना दम लागतो का' असे विचारले तर 'नाही' हे तिचे उत्तर अगदी खरे असते. म्हणून प्रश्न काळाशी बांधला पाहिजे. मागल्या दिवाळीला जे काम होत होते ते आज होते का, जिना न थांबता चढता येतो का, बोलता बोलता चालता येते का, धुणे कोण धुते, असे विचारल्याखेरीज वर्ग ठरत नाही. मराठी घरात काळ सणांनी मोजला जातो. डॉक्टरांचे 'सहा महिन्यांपूर्वी' रोग्याच्या स्मरणाला पकड देत नाही; 'गणपतीत' दिल्यास देते.

आडवे पडल्यावर लागणारी धाप विचारण्याची पाठ्यपुस्तकी रीत म्हणजे 'किती उशा घेता?' ही होय. कॅन्सस सिटी येथे तयार होऊन २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रश्नावलीतही हीच रीत आहे. दम लागल्यामुळे खुर्चीत बसून किंवा किमान तीन उशा लावून किती रात्री झोपावे लागले, असा तिचा एक प्रश्न आहे. सपाट रस्त्यावर एक 'ब्लॉक' चालणे हे तिचे दुसरे माप. या प्रश्नावलीत ० ते १०० गुण असतात, अधिक गुण म्हणजे प्रकृती बरी, आणि सुमारे ५ गुणांचा फरकही रोग्याला जाणवण्याइतका मानला जातो. इतक्या नाजूक मापाचे भाषांतर शब्दाला शब्द ठेवून करणे धोक्याचे आहे. ज्या घरात चटईवर निजण्याची चाल आहे तेथे तीन उशा नसतात, खुर्चीही नसते. तेथे माणूस उठून भिंतीला टेकतो, गोधडी घडी करून पाठीशी घेतो किंवा ओसरीवर येऊन बसतो. 'ब्लॉक' हे अमेरिकन नगररचनेचे माप आहे. आमच्या गावात अंतर देवळापर्यंत, एस.टी. थांब्यापर्यंत, दोन शेतांपर्यंत असे मोजतात. रोगी 'एकच उशी' असे उत्तर देतो आणि कागदावर लक्षण नाही असे लिहिले जाते. वस्तुतः विचारावयाचे एवढेच असते की आडवे झाल्यावर श्वास कोंडतो का, आणि गाढ झोपेतून घुसमटून उठून बसावे लागते का.

सूज हे तिसरे लक्षण. जोडवी घट्ट होणे, चपलेचा पट्टा रुतणे, नडगीवर बोट दाबले असता खड्डा राहणे, या खुणा रोग्याला स्वतःला दिसतात. विल्यम विदरिंगने १७८५ साली डिजिटॅलिस या वनस्पतीवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला तोही या सुजेच्याच उपचारावर. त्या काळी सूज हाच रोग समजत, हृदयाचा संबंध पुष्कळांशी जोडलेला नव्हता. पोटात पाणी साठले व यकृत फुगले की 'पोट गच्च वाटते, जेवण जात नाही' अशी तक्रार येते व ती पित्तावर ढकलली जाते. येथे एका शब्दाचा विशेष विचार हवा, तो म्हणजे 'वजन'. शरीरात पाणी साचू लागल्याची सर्वांत लवकर मिळणारी घरगुती सूचना म्हणजे थोड्या दिवसांत वाढलेले वजन. रोग्याने रोज सकाळी लघवीनंतर व न्याहारीपूर्वी वजन करावे, आणि ३ दिवसांत ते २ किलोहून अधिक वाढल्यास डॉक्टरांना कळवावे, असा सर्वमान्य दंडक आहे. मराठीत मात्र वजन वाढणे हे प्रशंसेचे आहे. 'तब्येत सुधारली', 'अंग भरले' असे त्याला म्हणतात. आजारी माणसाचे वजन दोन किलोंनी वाढलेले पाहून घरच्यांना आनंद होतो. तेव्हा 'वजन वाढले तर कळवा' एवढे सांगून भागत नाही. ते वाढलेले वजन मांसाचे नसून साचलेल्या पाण्याचे आहे, हे वाक्य त्याला जोडावेच लागते.

यानंतरची परीक्षा डॉक्टरच्या हाताची व यंत्रांची आहे, आणि तेथे भाषेचे काम थोडे. मानेतील शीर फुगलेली आहे का, फुप्फुसांच्या तळाशी बुडबुड्यांसारखा आवाज येतो का, नाडी नियमित आहे का, हे पाहून विद्युत्हृदयालेख काढतात. रक्तातील हिमोग्लोबिन, लोह, क्षार, साखर, मूत्रपिंडाचे कार्य व थायरॉइड तपासतात. ताणलेल्या हृदयातून रक्तात उतरणारे बी.एन.पी. हे द्रव्य मोजता येते. बाह्यरुग्णात त्याचे प्रमाण दर मिलिलिटरला ३५ पिकोग्रॅमहून कमी असले, किंवा त्याच्या जोडीच्या एन.टी.-प्रो-बी.एन.पी.चे १२५ हून कमी असले, तर हा विकार असण्याचा संभव पुष्कळ घटतो. मात्र स्थूल माणसात ते मुळातच कमी भरते आणि मूत्रपिंडाच्या विकारात किंवा नाडी अनियमित असता वाढते, हे ध्यानात ठेवावे लागते. शेवटी ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र काढतात, ज्याला सर्वजण 'इको' म्हणतात.

इकोच्या अहवालातील एका आकड्याने मात्र मराठीत घर केले आहे. डावा कप्पा भरल्यावर त्यातील रक्ताचा कितवा भाग एका ठोक्यासरशी बाहेर पडतो, ते प्रमाण म्हणजे 'इजेक्शन फ्रॅक्शन'. लोकांनी त्याला 'पंपिंग' असे सुटसुटीत नाव दिले. नाव उत्तम आहे, पण आकड्याची टक्केवारी फसवी ठरते. निरोगी हृदयातही हे प्रमाण १०० नसते, साधारण ५५ ते ७० असते. '६० टक्के' ऐकून ४० टक्के हृदय गेले असे समजणारे लोक आहेत. दुसरे असे की ३५ गुणांना पास होण्याची सवय असलेल्या समाजात ३५ टक्के पंपिंग म्हणजे काठावर उत्तीर्ण, असा समज सहज होतो. वस्तुतः औषधांचा पुरेसा उपचार करूनही जेथे हे प्रमाण ३५ किंवा खाली राहते तेथे आकस्मिक मृत्यू टाळण्यासाठी छातीत यंत्र बसविण्याचा विचार करतात. तिसरा गैरसमज सर्वांत हानिकारक आहे. ज्यांचे हृदय ताठर झालेले असते त्यांचे प्रमाण ५० किंवा अधिक असू शकते. 'पंपिंग नॉर्मल आहे' हे वाक्य त्यांना 'हृदयाला काही झालेले नाही' असे ऐकू येते. उतारवयातील, रक्तदाब, मधुमेह किंवा स्थूलता असलेल्या कित्येक स्त्रियांची धाप यामुळे वर्षानुवर्षे 'वयोमानाने' या सदरात पडून राहते.

अमेरिका, युरोप व जपान येथील संस्थांनी मिळून २०२१ साली जी सार्वत्रिक व्याख्या मांडली तिने या आकड्यावरून वर्ग निश्चित केले. ४० किंवा खाली तो घटलेला, ४१ ते ४९ तो किंचित घटलेला, ५० किंवा अधिक तो टिकून राहिलेला. चौथा वर्ग सुधारलेल्यांचा आहे : आरंभी ४० किंवा खाली असलेला आकडा किमान १० नी वाढून ४० च्या वर गेलेला. या व्याख्येतील भाषाविषयक सूचना आकड्यांइतक्याच महत्त्वाच्या आहेत. रोग्याची स्थिती 'स्थिर' आहे असे न म्हणता विकार 'टिकून आहे' असे म्हणावे, आणि 'बरा झाला' असे न म्हणता तो 'शमलेला' आहे असे म्हणावे, असे तिने सुचविले. पहिल्या शब्दाने डॉक्टर निश्चिंत होतात, दुसऱ्याने रोगी. या निश्चिंततेची किंमत लंडन येथील एका प्रयोगाने दाखविली. ज्यांच्या हृदयाचे कार्य औषधांनी पूर्ववत झाले होते अशा ५१ जणांपैकी २५ जणांची औषधे टप्प्याटप्प्याने थांबविली असता सहा महिन्यांत ११ जणांचा विकार उलटला. औषधे चालू ठेवलेल्यांत त्या मुदतीत एकाचाही नाही. मराठीत 'बरे वाटते' आणि 'बरा झालो' यांत एका क्रियापदाचेच अंतर आहे, आणि औषध सोडणारे बहुतेक रोगी ते अंतर आपणहून ओलांडतात. 'आटोक्यात आहे' हा प्रयोग येथे चपखल बसतो. आटोक्यात असलेली वस्तू हात काढला की निसटते, हे त्यातच सांगितलेले आहे.

उपचारांचा इतिहास गेल्या चाळीस वर्षांत पालटला. आकुंचन घटलेल्या हृदयासाठी आज चार गटांची औषधे एकत्र देतात. पहिला गट एनालाप्रिल व तत्सम औषधांचा. अतिशय गंभीर रोग्यांत सहा महिन्यांतील मृत्यूचे प्रमाण एनालाप्रिलने ४४ वरून २६ टक्क्यांवर आले, हे स्कँडिनेव्हियातील १९८७ च्या चाचणीने सिद्ध केले. २०१४ पासून त्याच्या जागी व्हॅल्सार्टन-सॅक्युबिट्रिल हे संयुक्त औषध अधिक सरस ठरले आहे. दुसरा गट बीटा-ब्लॉकरचा. हृदयाची गती मंदावणारी ही औषधे या विकारात निषिद्ध समजली जात; १९७५ साली स्वीडनमधील वाग्स्टाईन व त्यांचे सहकारी यांनी ती देऊन पाहिली, आणि १९९९ पर्यंत मोठ्या चाचण्यांनी त्यांचा विजय पुरा झाला. तिसरा गट स्पायरोनोलॅक्टोनचा, त्याचेही निर्णायक वर्ष १९९९ च. चौथा गट डापाग्लिफ्लोझिन व एम्पाग्लिफ्लोझिन यांचा, २०१९ नंतरचा. टिकून राहिलेल्या आकुंचनाच्या, म्हणजे ताठर हृदयाच्या रोग्यांनाही त्याचा उपयोग २०२१ व २०२२ च्या चाचण्यांत दिसला. लघवी वाढविणारी फ्युरोसेमाइडसारखी औषधे साचलेले पाणी काढून आराम देतात, पण आयुष्य वाढविल्याचे श्रेय मुख्यत्वे वरील चार गटांचे आहे.

आता यांची लोकभाषेतील नावे पाहावीत. पहिल्या दोन गटांना 'बीपीची गोळी', चौथ्याला 'शुगरची गोळी', आणि फ्युरोसेमाइडला 'लघवीची गोळी' किंवा 'पाण्याची गोळी'. औषधाला त्याच्या आद्य उपयोगावरून नाव पडते आणि उपयोग बदलला तरी नाव चिकटून राहते, ही अर्थशास्त्रातील नव्हे तर अर्थविचारातील परिचित घटना आहे. परिणाम मात्र दवाखान्यातला आहे. 'बीपी तर कमीच निघाले, मग बीपीची गोळी कशाला?' हा रोग्याचा तर्क बिनचूक आहे. चूक आहे ती नावात. डापाग्लिफ्लोझिनची २०१९ ची चाचणी ज्या रोग्यांवर झाली त्यांतील निम्म्याहून अधिकांना मधुमेह नव्हताच. तरीही साखर नसलेल्या माणसाच्या हाती 'शुगरची गोळी' पडली की तो ती घेत नाही, किंवा शेजारी त्याला घेऊ देत नाहीत. उलट ज्या 'लघवीच्या गोळी'ने तासाभरात फरक दिसतो ती तेवढी तो निष्ठेने घेतो. बीटा-ब्लॉकर सुरू केल्यावर पहिले काही आठवडे थकवा वाढल्यासारखे वाटते, हे आधी सांगितले नाही तर ते औषधही याच वाटेने जाते. या चारही गटांना 'हृदयाचा भार उतरविणारी औषधे' असे एक नाव देणे आणि चिठ्ठीवर तेच लिहिणे अशक्य नाही.

हा प्रश्न थोड्यांचा नाही. त्रिवेंद्रम येथे २०१३ साली नोंदविलेल्या १२०५ रोग्यांचे सरासरी वय सुमारे ६१ होते. पाश्चात्त्य देशांतील रोग्यांहून ते जवळजवळ दहा वर्षांनी कमी आहे. पुढे देशभरातील ५३ रुग्णालयांत १०,८५१ रोग्यांची जी राष्ट्रीय नोंद झाली तिच्यात आकुंचन घटलेल्या रोग्यांपैकी सुमारे निम्म्यांनाच शिफारशीप्रमाणे औषधे मिळत असल्याचे दिसले, आणि ज्यांना ती मिळत होती त्यांत मृत्यूचे प्रमाण कमी होते. रुग्णालयातून सुटल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच औषधे वारंवारच्या तपासणीसह पूर्ण मात्रेपर्यंत नेल्यास पुन्हा दाखल होण्याचे व मृत्यूचे प्रमाण घटते, हे २०२२ च्या एका चाचणीने दाखविले आहे. सुटतेवेळी मिळणारे कार्ड बहुधा इंग्रजीत असते.

पथ्याविषयी थोडके. 'मीठ कमी करा' असे सांगितले की 'वरून घेत नाही' हे ठरलेले उत्तर येते. मराठी जेवणात ताटाच्या डाव्या बाजूला वाढलेले मीठ तेवढे 'मीठ' असते. लोणचे, पापड, चटणी, सांडगे, खारे शेंगदाणे आणि बेकरीचे पदार्थ यांतले मीठ त्या शब्दात बसत नाही. सैंधव चालते हा समजही निराधार आहे, कारण तेही मुख्यत्वे तेच सोडियम क्लोराइड आहे. 'लो सोडियम' म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात पोटॅशियम असते आणि स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्याला ते अपायकारक ठरू शकते. मात्र अतिकठोर मीठबंदीने मृत्यू वा रुग्णालयवास कमी झाल्याचे २०२२ च्या मोठ्या चाचणीत दिसले नाही. तेव्हा दिवसाला ५ ग्रॅमची मर्यादा पाळणे पुरेसे. 'काही औषध चालू आहे का?' या प्रश्नाला 'नाही' म्हणणारा माणूस रोज गुडघ्यासाठी 'दुखण्याची गोळी' घेत असतो. दुकानातून सुटी मिळणारी ती गोळी त्याच्या लेखी औषध नव्हेच. परंतु आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या शरीरात मीठ व पाणी साठवितात आणि आटोक्यातला विकार उलटवितात. म्हणून त्यांची चौकशी त्याच नावाने, वेगळी केली पाहिजे.

'विश्रांती' हा शब्दही जपून द्यावा लागतो. एके काळी या रोग्यांना अंथरुणाला खिळवून ठेवीत. आज विकार आटोक्यात असता बेताचा नियमित व्यायाम, प्रामुख्याने चालणे, हा उपचाराचाच भाग आहे. घरची माणसे मात्र 'डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे' असे म्हणत रोग्याच्या हातातली पिशवी, मग काठी, मग अंगणही काढून घेतात, आणि सहा महिन्यांनी तो खरोखरीच अशक्त होतो. 'दम लागेल इतके नको, पण बोलत बोलत जमेल इतके चाला' असे माप सांगितल्यास ते रोग्यालाही कळते आणि घरच्यांनाही.

विकार अखेरच्या टप्प्यास पोचतो तेव्हा शब्दांची अडचण पुन्हा पहिल्याच जागी येते. औषधांनी भागेनासे झाले, हृदयरोपण किंवा यांत्रिक आधार शक्य नसला, की रोग्याच्या त्रासाला उतार देणे हेच मुख्य काम उरते. छातीतील यंत्राचे धक्के शेवटच्या दिवसांत चालू ठेवावयाचे की थांबवावयाचे, हेही त्यालाच विचारावयाचे असते. येथे बहुधा नातेवाईक डॉक्टरांना बाजूला घेऊन 'त्यांना काही सांगू नका' असे म्हणतात. ज्या रोग्याला आरंभीच 'हार्ट फेल'चे भय घालून मग काहीच उलगडले नाही, त्याच्याशी हे बोलणे अवघड जाते. ज्याला पहिल्या दिवसापासून आपले हृदय कोणत्या कामाला पुरते आणि कोणत्या कामाला अपुरे पडते, हे सणावारांच्या व पायऱ्यांच्या मापाने सांगितले गेलेले असते, तो पुष्कळदा हा विषय स्वतःच काढतो.